उतारावरची पिकअप

इनायतने जुनी पिकअप घेतल्याची बातमी जुलेखाला भाजीवाल्या सुमनबाईने दिली.

"भाभी, तुमच्या यांनी लय भारी गाडी आणली हो! पाण्याच्या टाकीपाशी उभी हाय. पोरं फोटो काढत्यात."

जुलेखा हातातल्या पिशवीसकट टाकीकडे निघाली. देवळाली कॅम्पच्या बाजारात इनायतचं टेलरिंगचं दुकान होतं. जवानांच्या वर्द्या शिवण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं, आणि आजवर त्याने न विचारता घरात साधी खुर्चीही आणली नव्हती. आता तो फळकुटांच्या हौद्याच्या, गोल दिव्यांच्या एका हिरव्या धुडाला पंच्याने पुसत उभा होता.

"साठ वर्षांची आहे," तो अभिमानाने म्हणाला.

"ते दिसतंय. घरापाशी का नाही लावली?"

"सेल्फ-स्टार्टर चालत नाही. उतारावरून सोडली की लगेच सुरू होते. आपल्या भागात उतार असा हा एवढाच."

तेव्हापासून कुठेही जायचं म्हणजे आधी टाकीपर्यंत पायपीट आली. तिथे कुणी आडवी मोटरसायकल लावलेली असली, की तिचा मालक शोधत फिरा. एकदा सुरू झालेली गाडी इनायत बंद करत नसे. जुलेखा दवाखान्यात डॉक्टरांना गुडघ्याचं दुखणं सांगायची आणि बाहेरच्या धडधडीमुळे डॉक्टरांना ते पुन्हापुन्हा विचारावं लागायचं. त्यातून वाटेत भेटणारी माणसं! एक निवृत्त सुभेदार सिग्नलला गाडीपुढे उभे राहिले आणि आपण अशीच गाडी कशी चालवायचो ते सांगत बसले. सिग्नल हिरवा झाला, पुन्हा लाल झाला. मागच्यांच्या शिव्या जुलेखाने ऐकल्या, इनायतने सुभेदारांचा फोन नंबर घेतला.

मे महिन्यात इनायतच्या दुकानातला कारागीर मंगळू याच्या मुलीचं, संजनाचं लग्न निघालं. मंगळूचं गाव सुरगाण्याच्या पुढे, डोंगरात. आहेर म्हणून लोखंडी कपाट द्यायचं ठरलं.

"टेम्पोने पाठवू. आपण बसने जाऊ," जुलेखा म्हणाली.

"घरची गाडी असताना?"

वणीपर्यंत सगळं बरं चाललं. मग रेडिएटर उकळायला लागलं. एका फाट्यावर हातपंप दिसला, तिथे इनायतने गाडी उतार बघून थांबवली आणि तो डबा घेऊन पाण्याला गेला. फाट्यावर जीपची वाट बघत बसलेली माणसं उठली आणि मागच्या मागे हौद्यात चढली. जुलेखाने वळून पाहिलं, तर कपाटाभोवती माणसंच माणसं.

"अहो, उतरा! ही पॅसेंजर गाडी नाही!"

"मग कपाट कुठं चाललंय?" पुढे बसलेल्या म्हातारीने विचारलं. तिचं नाव सावित्रीबाई, हे लगेचच कळलं, कारण बाकीचे तिला हाका मारमारून जागा मागत होते.

"लग्नाला चाललंय. मंगळूच्या घरी."

"आमीपण तिथंच चाललो. मंगळू माजा भाचा हाय." सावित्रीबाई कपाटाला टेकून नीट बसली.

इनायत परत आला, हौदा पाहून खूश झाला. "बघ, किती कामाची गाडी आहे!"

घाटाच्या मध्यावर मागच्या चाकाकडे मोठा आवाज झाला आणि गाडी जागीच बसली. एक्सल तुटला होता. माणसं खाली उतरली, चाकाखाली दगड लावले, आणि कुणी काही न बोलता गड्यांनी कपाट खांद्यावर घेतलं. भर उन्हात ठेवणीतली साडी सावरत, आपला गुडघा आणि नवऱ्याचा शौक या दोघांना शिव्या देत जुलेखा त्यांच्यामागे चालली. शेजारून सावित्रीबाई अनवाणी चालली होती. मध्येच म्हणाली, "तुमचा माणूस बोलतो गोड."

"म्हणूनच फसले," जुलेखा म्हणाली, आणि तिला त्या रागातही हसू आलं.

पोचेपर्यंत लग्न लागून जेवणं उरकली होती. कपाटाच्या दाराला पोचा पडला होता. संजनाने त्या पोच्यावरून हात फिरवला आणि चाचीच्या गळ्यात पडली. जुलेखाला फार शरमल्यासारखं झालं. संध्याकाळी पिकअप ट्रॅक्टरने ओढून मंगळूच्या अंगणात आणली, आणि नवराबायको बसने घरी आले.

एक्सल कुठेच मिळेना. तरी इनायत दर रविवारी गाडीला बघायला मंगळूच्या गावी जाऊ लागला. जुलेखाला आधी बरंच वाटलं. पण मग शनिवारही बुडायला लागला, मंगळूही त्याच्याबरोबर गावी जाऊ लागला. परेडच्या आदल्या दिवशी जवान घरी येऊन विचारत, "चाची, वर्दी?" दुकानाची किल्ली शोधून, अर्धवट शिवलेल्या पँटींच्या ढिगातून ज्याची त्याला देता देता तिचा जीव मेटाकुटीला येई.

एका रविवारी ती आधी काही न सांगता त्याच्याबरोबर निघाली. अंगणात गाडीच्या बॉनेटवर नागलीचे पापड वाळत होते. हौद्याखालच्या सावलीत शेळी बांधली होती. इनायतने हत्याराला हात लावला नाही. तो आत सीटवर बसला, मंगळूच्या बापाने चहा आणला, आणि दोघं समोरचे डोंगर बघत राहिले.

"काम कुठवर आलं?" जुलेखाने खिडकीतून विचारलं.

"आज जरा ऊन जास्त आहे."

"दर रविवारी असंच असतं?"

इनायतने चहाचा कप डॅशबोर्डवर ठेवला. म्हणाला, "इथे बसलं की शिलाई मशीनचा आवाज डोक्यातून जातो."

हे त्याने याआधी कधी सांगितलं नव्हतं. जुलेखाचा राग गेला नाही, पण पुढचं वाक्य तिने गिळलं. तिने मंगळूला हाक मारली. गावातून आंबे घेऊन नाशिकला ट्रक जाणार होता. ड्रायव्हरशी तिनेच गाडी ओढून न्यायचं बोलणं केलं, पापड काढायला लावले, शेळी सोडवली.

"कुठे नेतेस गाडीला?" इनायतने घाबरून विचारलं.

"घरी. आपल्या दारात."

लोखंडी बार लावून ट्रकने पिकअप खाली ओढत आणली. इनायत स्टिअरिंगवर, जुलेखा शेजारी. दिंडोरी आली. मग ती म्हणाली, "रोज दुकान वेळेवर उघडायचं. शनिवारी सुट्टी नाही. संध्याकाळी काय बसायचं ते दारात बसा."

"आणि एक्सल?"

"मिळेल तेव्हा मिळेल."

अजून मिळालेला नाही. गाडीमुळे दारातून स्कूटर काढता येत नाही, शेजारी तक्रार करतात आणि त्यांना उत्तरं जुलेखालाच द्यावी लागतात. संध्याकाळी दुकान बंद करून इनायत सीटवर जाऊन बसतो. ती खिडकीतून चहाचा कप आत देते, आणि उद्या कुणाची वर्दी द्यायची आहे ते दोनदा बजावते.