मागचं गोदाम

बाइंडरची सारी हयात त्या गल्लीत गेली. तळमजल्यावर पुस्तकं बांधायचं दुकान, वर दोन खोल्या. बायको लवकर गेली, लेकीला त्यानेच वाढवलं. ती नर्स झाली, लग्न होऊन शहराच्या पार टोकाला एका खोलीत राहायला गेली. तिचं हॉस्पिटल मात्र गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. ड्युटी संपली की बापाला उभ्या उभ्या भेटायची आणि बस पकडायला पळायची.

गल्ली पाडून टॉवर बांधायचं ठरलं तेव्हा बाइंडर कंबर कसून उतरला. घरोघर फिरून सह्या घेतल्या, प्रत्येक घराचा फोटो लावून हरकतीचा जाडजूड अर्ज स्वतःच्या हाताने शिवला. लोकांनी त्याला समितीचा अध्यक्ष केलं. आजवर त्याचं बोलणं ऐकायला कोणी थांबत नसे, आता थांबत होते. खरं सांगायचं तर ते त्याला आवडायला लागलं होतं.

टॉवर रद्द झाला. शेवटच्या सुनावणीत नियोजन खात्याच्या बाई म्हणाल्या, "गल्लीतल्या एकाही घराला हात लावत नाही. फक्त मागचं बंद गोदाम सोडा. तिथे चारच मजले, चोवीस घरं, इथे काम करून लांब राहणाऱ्यांसाठी. त्यांच्यापैकी कोणाला बोलायचंय?"

पलीकडच्या बाकावरून एक नर्स उठली. बाइंडरने चष्मा नीट केला. त्याचीच लेक.

तिने बापाकडे पाहिलं नाही. "मी याच गल्लीत लहानाची मोठी झाले. ती आहे तशी राहावी असं मलाही वाटतं. पण माझे रोज चार तास बसमध्ये जातात. मी निघते तेव्हा मुलगी झोपलेली, पोचते तेव्हाही झोपलेली. इथे घर मिळालं तर शाळेतून ती आजोबांकडे येईल."

शेजारी बसलेला शिंपी बाइंडरच्या कानाशी लागला. "मान्य करून टाका हो. गोदामात आहे काय, उंदीर."

बाइंडरला पटत होतं. पण पाठीमागे अख्खी गल्ली बसली होती. पोटच्या पोरीसाठी अध्यक्ष फिरला, असं उद्या कोणी म्हटलं तर? तो उठला. आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला.

"आज गोदाम मागतात, उद्या आमची घरं मागतील. आमचा विरोध कायम आहे."

मागून टाळ्या पडल्या. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि फाइल मिटली.

जिन्यात त्याने लेकीला गाठलं. "आधी सांगायचंस ना मला."

"सांगितलं असतं तर माझ्यासाठी हो म्हणावं लागलं असतं तुम्हाला," ती म्हणाली. "मला वाटलं, ऐकून म्हणाल."

तिला ड्युटीवर परत जायचं होतं, ती गेली.

महिनाभर त्याने कसाबसा काढला. मग एके सकाळी दुकान बंद ठेवून तो एकटाच नियोजन खात्यात गेला आणि विरोध मागे घेतो म्हणाला. बाईंनी त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं. "आजोबा, ती चोवीस घरं आता दुसऱ्या भागात गेली. मागच्याच आठवड्यात."

लेकीने दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलात नोकरी धरली. तिथे राहायला क्वार्टर होतं. सामान हलवल्यावर तिने फोन करून कळवलं.

उन्हाळ्यात बाइंडर तिच्याकडे गेला. नात दारातच थबकली, आईकडे बघून मग "या" म्हणाली. लेकीने चादर बदललेल्या पलंगावर त्याला बसवलं, ट्रेमधून चहा आणला, प्रवासात त्रास नाही ना झाला, असं विचारलं. कोणाही पाहुण्याची ठेवावी तशी तिने बापाची बडदास्त ठेवली. चुकलो, एवढंच म्हणायला तो आला होता. सगळ्या वाटेत त्याने ते मनाशी घोकलं होतं.

"घर हवेशीर आहे," तो म्हणाला.

"हो," लेक म्हणाली. "परतीची गाडी किती वाजता आहे, बाबा?"