सात पौंडांचा सूर

लॉरेन्सने बॉनेटखाली डोकं घातलं, एकदा मागे वळून पाहिलं आणि पान्याने व्हॉल्व्हचा नट एक फेरा सैल केला. त्याचा धाकटा भाऊ अर्बन तेव्हा दोरीपलीकडे उभा राहून उर्सुलावहिनीने घरून तळून आणलेले मैद्याचे फुगे खात होता. त्याला हे कळता कामा नये. कळलं तर तो सगळ्या जुहूला ऐकू जाईल असा भांडेल, आणि भांडणात त्याचंच बरोबर असेल, हीच तर पंचाईत होती.

गाडी मरोळच्या गावठाणातली, हिरवी, जुनी आणि दोघांची. तिच्या इंजिनाला त्यांनी सुपरचार्जर बसवला होता. बोटीवर नोकरी करणाऱ्या मावसभावाने कुठल्याशा परदेशी भंगारातून तो उचलून आणला, आणि गावठाणाने त्याला भाता हे नाव देऊन टाकलं. नाव काही चुकीचं नव्हतं. इंजिन आपल्या दमाने जेवढी हवा ओढतं त्याहून जास्त हवा हा भाता त्याच्या घशात कोंबायचा. हवेबरोबर पेट्रोल वाढतं आणि पेट्रोलबरोबर जोर. पण प्रत्येक इंजिनाची एक हद्द असते, आणि या इंजिनाची होती सात पौंड. दाब त्याच्यावर गेला की पेट्रोल नको तेव्हा भडकायचं, आत हातोडे पडायला लागायचे आणि पिस्टनला भोक पडायचं. जास्तीची हवा बाहेर सोडायला व्हॉल्व्ह होता, पण तो लहान. इंजिन फारच जोरात फिरायला लागलं की त्याच्याने आवरत नसे. तेव्हा चालवणाऱ्याने पाय उचलायचा, दुसरा इलाज नाही.

आणि पाय उचलणं अर्बनला ठाऊकच नव्हतं. दोन शर्यतींत त्याने दोनदा पिस्टन जाळले. आता शेवटचा संच गाडीत होता. एकोणीसशे एकोणसत्तर साल ते. तसले पिस्टन इथे बनत नव्हते आणि सरकार बाहेरून येऊ देत नव्हतं. आज इंजिन गेलं की गाडी कायमची परसात जाणार आणि कोंबड्या तिच्यात अंडी घालणार. कोंबड्यांची चंगळ झाली असती, पण लॉरेन्सचा जीव त्या गाडीत होता.

दाबाचं घड्याळ डॅशबोर्डवर होतं, पण जुहूच्या विमानांच्या धावपट्टीवर शर्यतीत गाडी अशी हादरायची की काटा दिसायचाच नाही. म्हणून लॉरेन्सने एक शक्कल लढवली. त्यांचे वडील मरोळच्या बँडचे मास्टर. लग्नाच्या आदल्या दिवशी उमराचं पाणी आणायला बायका वाजतगाजत विहिरीवर निघाल्या की ते पुढे पितळी शिट्टी फुंकत चालायचे. ते गेल्यापासून शिट्टी घरात क्रुसाशेजारी खिळ्याला लटकत होती. लॉरेन्सने ती काढली, व्हॉल्व्हच्या नळीला डाग देऊन जोडली आणि नळी थेट अर्बनच्या कानाशी आणून सोडली. दाब चढेल तसा शिट्टीचा सूर चढायचा. अर्बन बँडात कॉर्नेट वाजवायचा, कानाचा पक्का. सात पौंडांचा सूर त्याने मरोळच्या रस्त्यावर ऐकून डोक्यात बसवला. तो आला की पाय उचलायचा आणि पान्याला हात लावायचा नाही, असं दोघांत ठरलं होतं.

ठरलं खरं, पण लॉरेन्सला भरवसा नव्हता. नट सैल असला की व्हॉल्व्ह पाच पौंडांनाच उघडेल, शिट्टी लवकर वाजेल आणि अर्बन लवकर पाय उचलेल. शर्यत गेली तरी चालेल, इंजिन राहील. लॉरेन्सला स्वतःला सुरातलं ओ की ठो कळत नव्हतं. बाबांनी त्याला बँडात ढोलसुद्धा दिला नव्हता. हातात झेंडा देऊन सगळ्यांच्या पुढे काढला होता. त्याच्या लेखी शिट्टी एक तर वाजते, नाही तर वाजत नाही.

निशाण पडलं. घाटकोपरच्या चंद्रप्रकाशची लाल गाडी पहिल्याच वळणावर पुढे गेली. तिचं इंजिन हिरव्या गाडीच्या दीडपट. अर्बन तिच्या मागे राहिला, दुसऱ्या फेरीतही मागेच. लॉरेन्सने निवांतपणे एक फुगा खायला घेतला.

उर्सुलाने नवऱ्याकडे निरखून पाहिलं. दीर मागे पडला तर याच्या तोंडावर बरं कसं वाटतंय, असं तिने विचारलंसुद्धा. लॉरेन्सने उरलेला फुगा तोंडात कोंबला, म्हणजे उत्तर द्यायला नको.

शेवटच्या फेरीत गाड्या लांबच्या वळणावरून सरळ पट्टीवर आल्या आणि लॉरेन्सला शिट्टी ऐकू आली. ती चढत होती. वाजली तरी अर्बनने पाय उचललेला नव्हता. इंजिन आणखी फिरत होतं, शिट्टी आणखी चढत होती, आणि लॉरेन्सने दोरी घट्ट पकडली. वाट लागली, तो म्हणाला. गेलं इंजिन.

मग शिट्टी चढायची थांबली. उतरली नाही, चढली नाही. एका जागी धरल्यासारखी राहिली आणि तशीच पट्टीभर वाजत आली. हिरवी गाडी लाल गाडीच्या बाजूला आली, बाजूने पुढे निघाली आणि बॉनेटभर अंतराने रेषा ओलांडून गेली.

मरोळची पोरं दोरीखालून आत घुसली. कुणीतरी ढोल आणलाच होता. उर्सुला रडत होती आणि रडता रडता सगळ्यांना सांगत होती, आमचा अर्बन, आमचा अर्बन. चंद्रप्रकाशने येऊन हात मिळवला आणि तो भाता बघायला मागितला. लॉरेन्स मात्र आधी इंजिनाशी गेला. कान लावला. आत सगळं ठीकठाक, हातोड्यांचा मागमूस नाही. त्याला इतका आनंद झाला की गरम बॉनेटवर हात भाजला तेही त्याला उशिराच कळलं.

गर्दी पांगली तेव्हा अर्बन त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"नट सैल केलास ना?" त्याने हळूच विचारलं.

लॉरेन्सने टायरकडे पाहिलं. "हो."

"पहिल्याच फेरीत कळलं मला. शिट्टी लवकर वाजली, पण खालच्या सुरात वाजली. इतक्या खाली बाबा कधी वाजवत नव्हते."

"अरे, मग दोन फेऱ्या मागे काय करत होतास?"

"ऐकत होतो. कुठवर चढते ते बघायला नको? मग चढवली. आपला सूर आला तेव्हा पाय जरासा उचलून तिथेच धरली की."

भांडण काही झालं नाही. झालं असतं तर लॉरेन्सला बरं वाटलं असतं. त्याला भावाचा अभिमान वाटला आणि स्वतःची लाजही वाटली, दोन्ही एकदम. त्याने खिशातला पाना काढला, सदऱ्याला पुसला आणि अर्बनच्या हातात दिला.

"तूच लाव."

अर्बनने पान्याकडे पाहिलं, मग भावाकडे. "बस आत," तो म्हणाला. "मी हात वर केला की पाय उचल."

लॉरेन्स गाडीत बसला आणि त्याने पेडल दाबलं. कानाशी शिट्टी वाजू लागली. बरोबर वाजते की चूक, ते त्याला काडीचं कळत नव्हतं. समोर अर्बन डोळे मिटून, मान कलती करून नट आवळत होता, आणि लॉरेन्स त्याचा हात वर होण्याची वाट बघत राहिला.