मागच्या चाकांचे लाल कॅलिपर

गाडीला चाकं चार, म्हणजे कॅलिपरही चारच असणार, असं गृहीत धरून त्याने चारींना पुरेल एवढा लाल रंग आणला. पुढची दोन चाकं उतरवली, दोन कॅलिपर निघाले. मागची दोन उतरवली तर आत नुसते दोन काळे ड्रम, पातेली उपडी घातल्यासारखे. त्या पातेल्यांकडे तो बराच वेळ बघत बसला.

शेजारी दिवा धरून उभी असलेली बायको म्हणाली, "अहो, वाटेत कुठे पडले का?"

"चेष्टा नको. कंपनीने फसवलंय."

तो विमा कार्यालयात फायलींवर नंबर घालायचा. गल्लीतल्या लोकांनी त्याचं नाव 'इंजिनिअर' ठेवलं ते थट्टेने, आणि त्याने ते घेतलं मानाने, त्यामुळे दोन्ही बाजू खूश होत्या. एक वेळ त्याची अंघोळ चुकेल, पण गाडी सजवण्याचा रोजचा व्हिडिओ चुकायचा नाही. एवढ्या नेमाने कुणी देवाचं नाव घेतलं असतं तर देवालाच दार उघडायला यावं लागलं असतं.

आता कॅलिपर म्हणजे काय, तर एक चिमटा. चाकाबरोबर लोखंडी तबकडी फिरते, हा चिमटा जागच्या जागी बसून तिला दोन्हीकडून आवळतो आणि गाडी थांबते. तो मळका असला तरी आवळतो, लाल असला तरी आवळतो. पण लाल असला की गाडी उभ्या उभ्या पळतेय असं वाटतं, असं इंजिनिअरचं म्हणणं होतं.

आणि गाडी उभीच होती. तीन आठवडे, चार ठोकळ्यांवर, घरापुढच्या पडवीत.

बायको परिचारिका होती आणि सात वर्षं रात्रपाळी करत होती. जग उठतं तेव्हा ही झोपायची, म्हणजे झोपायचा प्रयत्न करायची. नदीपलीकडच्या मोठ्या इस्पितळात डायलिसिसच्या विभागात दिवसपाळीची एक जागा निघाली होती. पाळी सकाळी सहाला सुरू, त्या वेळी तिकडे जायला कसलंच वाहन नाही. तिथल्या मेट्रन म्हणाल्या होत्या, "लायसन्सची परीक्षा पास झाल्याचा कागद दाखवा, जागा तुमची. गुरुवारी दुपारी एकपर्यंत थांबते. मग यादीतल्या पुढच्या बाईला बोलावते."

गाडी चालवण्याची परीक्षा त्याच गुरुवारी दहाला होती. ही तिसरी तारीख. पहिल्या वेळी मागे घेताना तिच्याकडून खांब पडला होता, ती चूक तिची. दुसऱ्या वेळी ती गेलीच नाही, कारण तळाला निळे दिवे बसवायचे म्हणून इंजिनिअरने गाडीतल्या खुर्च्या काढून घरात ठेवल्या होत्या आणि ड्रायव्हरच्या खुर्चीत बसून सासूबाई टीव्ही बघत होत्या. खुर्ची पाठीला बरी वाटते, म्हणून त्या उठायला तयार नव्हत्या.

"लहानपणापासून ह्याचे हात असेच चालतात," सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. "प्रत्येक खेळणं उघडून बघायचा."

"आणि परत जोडायचा?" सुनेने एकदा विचारलं.

"जोडायचा कशाला? ह्याचे वडील नवीन आणायचे."

कामाची वाटणी अशी होती. इंजिनिअर व्हिडिओ लावायचा, थांबवायचा, "अच्छा" म्हणायचा, मग पाठ धरून स्टुलावर बसायचा. तारेच्या ब्रशने गंज खरवडायची बायको. रंग तबकडीवर जाऊ नये म्हणून चिकटपट्टी लावायची तीही बायकोच, कारण तिचा हात स्थिर. रोज शिरा शोधणाऱ्या माणसाचा असतो तसा. जॅक कुठे लावायचा, नट आधी कसे सैल करायचे, आवळताना एका ओळीत न घेता समोरासमोरचे कसे घ्यायचे, हे सगळं दिवा धरता धरता तिच्या अंगवळणी पडलं. रंगाचे दोन हात मात्र त्याने स्वतः दिले. फोटोत हात त्याचा यायला हवा होता.

रंग झाला, चाकं लावली, आणि कॅलिपर गुडूप. चाकं बंद पत्र्याची. मग त्याचा मित्र धावून आला. गल्लीत त्याला 'सायलेन्सर' म्हणत, कारण गाडीचा सायलेन्सर त्याने काढून टाकला होता आणि त्याच्या तोंडाला तर तो कधी नव्हताच. त्याने आपली जुनी, आरपार दिसणारी चाकं आणली, आणि सोबत प्लास्टिकचे दोन खोटे कॅलिपर.

"वहिनी, मागे ड्रम उघडे दिसले तर लोक काय म्हणतील?"

"कोण लोक, भाऊजी?"

"जाणकार लोक."

"जाणकारांना कळणार नाही, की हे प्लास्टिकचं आहे?"

सायलेन्सरने इंजिनिअरकडे पाहिलं. "वहिनींना सौंदर्यदृष्टी कमी आहे रे."

बुधवारी संध्याकाळी ते दोन खोटे कॅलिपर लाल होऊन, उष्णतेला न डगमगणाऱ्या गोंदाने ड्रमवर चिकटले. वर चाकं बसली. बायको त्या वेळी परीक्षेचे कागद लावत होती, त्यामुळे त्या पुण्यकर्माला तिचा हात लागला नाही.

गुरुवारी शिकाऊ परवान्याच्या नियमाप्रमाणे इंजिनिअर तिच्या शेजारी बसला. वाटभर सांगत होता, "लोक वळून बघतायत बघ." बघत होते खरे.

परीक्षेच्या आवारात गाड्यांची रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती. बाजूच्या रांगेतला टॅक्सीवाला मान वाकडी करून तिच्या मागच्या चाकाकडे बघत होता. गाडी वीतभर पुढे गेली की त्याची मानही तेवढीच वाकायची. शेवटी त्याने काचेवर टकटक केलं.

"ताई, तुमच्या मागच्या चाकात काहीतरी लाल फिरतंय."

"ते कॅलिपर आहेत," पलीकडून इंजिनिअर म्हणाला.

"कॅलिपरच म्हणतोय मी. मगाशी वर होता. आता खाली आलाय."

ती उतरली. मागे जाऊन पाहिलं आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तबकडी फिरते, चिमटा फिरत नाही. पण ड्रम चाकाबरोबर फिरतो, आणि चिमटा चिकटवलाय ड्रमवर. रांगेतले आणखी चार जण जमले. एकाने इंजिनिअरला विनंती केली, "साहेब, जरा पुढे घ्या की, नीट दिसलं नाही." दुसऱ्याने मोबाईल काढला.

एवढ्यात तपासनीस बाई पॅड घेऊन आल्या. त्यांनी वाकून पाहिलं, मग सरळ उभ्या राहून तिला विचारलं, "ब्रेक कसा लागतो, सांगा."

"चाकाबरोबर तबकडी फिरते. कॅलिपर जागेवर बसून तिला आवळतो."

"बरोबर. आणि हा फिरतोय तो?"

"हा मिस्टरांचा आहे."

मागे कुणीतरी खोकल्याचं निमित्त केलं. इंजिनिअर पुढे झाला. "मॅडम, ही डिझाइन आहे. शोभेचा भाग. ब्रेकशी काही संबंध नाही."

"तेच म्हणते मी. उद्या सुटून मागच्याच्या काचेवर बसला की संबंध येईल. हे काढा, मग परीक्षा. बारापर्यंत मी आहे. नाहीतर पुढची तारीख तीन महिन्यांनी." बाई पुढच्या गाडीकडे गेल्या.

तिने गाडी रांगेतून काढून कुंपणाशी लावली. साडेदहा झाले होते.

"तीन महिने काय, असे जातात," इंजिनिअर म्हणाला. "रविवारी ग्रुपची भेट आहे. सगळे गाडी बघायला येणार. आता उपटले तर ड्रमवर गोंदाचे डाग राहतील."

"एकपर्यंतच वेळ दिलाय मेट्रननी."

"दुसरी जागा निघेल की. आणि तो गोंद निघणारही नाही. सायलेन्सरने गॅरंटी दिली आहे."

तिने डिकी उघडली, जॅक काढला, पदर खोचला. नट सैल केले, जॅक लावला, चाक उतरवून शेजारी आडवं ठेवलं. टॅक्सीवाला नंबर सोडून बघायला आला. "साहेब, तुम्ही हात लावा की," तो म्हणाला.

"माझी पाठ," इंजिनिअर म्हणाला.

तिने कॅलिपरच्या कडेखाली पेचकस सरकवला. जखमेवरची पट्टी काढताना ती कधी हळूहळू ओढत नसे, माणसाला दुप्पट दुखतं. तिने श्वास घेतला आणि एकदाच नेट दिला. गॅरंटी निघून हातात आली. मग पलीकडचं चाक उतरवलं; तिथली गॅरंटी तर पेचकस टेकवताच आली. त्या कॅलिपरच्या एका बाजूला गोंद लावायचाच राहून गेला होता. इंजिनिअर दोन्ही कॅलिपर मांडीवर घेऊन कुंपणाच्या कट्ट्यावर बसला, मार खाऊन आलेल्या पोरांना घेऊन बसावं तसा.

समोरासमोरचे नट आवळून तिने चाकं बसवली, हात पुसले आणि सव्वाअकराला पुन्हा रांगेच्या शेवटी उभी राहिली. चढावर गाडी थांबवून पुन्हा काढली. खांबांमधून मागे घेतली, एकाही खांबाला धक्का नाही. तपासनीस बाईंनी पास झाल्याचा शिक्का मारला आणि कागद देताना हळूच विचारलं, "चाक उतरवायला कुठे शिकलात?"

इंजिनिअर तेवढ्यात पोचला होता. "मीच शिकवलं," तो म्हणाला.

बाईंनी त्याच्या स्वच्छ नखांकडे पाहिलं आणि पुढचं नाव पुकारलं.

परत निघताना तो म्हणाला, "आधी सायलेन्सरकडे घे. त्याच्याकडे अजून कडक गोंद आहे." तिने इंडिकेटर दिला तो पुलाकडचा. पुलावर पुढच्या ट्रकने अचानक वेग कमी केला. तिने ब्रेक दाबला, गाडी हवी तिथे थांबली. तो म्हणाला, "बघितलंस?" काय बघितलं, ते तिने विचारलं नाही.

मेट्रनच्या खोलीत ती एकला दहा मिनिटं असताना शिरली. मेट्रननी कागद उजेडाकडे धरून वाचला, तिच्या हातांवरचं काळं वंगण पाहिलं, आणि म्हणाल्या, "सोमवारी सहाला. हात धुऊन या." पुढच्या बाईच्या नावावर त्यांनी रेघ मारली.

खाली आली तर इंजिनिअर पुढच्या चाकाशी उकिडवा बसला होता आणि इस्पितळाचा पहारेकरी कंबरेवर हात ठेवून ऐकत होता.

"रंग भारी आहे," पहारेकरी म्हणाला. "मग मागे का नाही?"

"मागे मुद्दाम ठेवले नाहीत," इंजिनिअर म्हणाला. "वजन कमी होतं. परदेशात सगळे असंच करतात."

पहारेकऱ्याने मान डोलावली. ती गाडीत जाऊन बसली, आणि त्याचं सांगून संपेपर्यंत शांतपणे थांबली. सोमवारपासून थांबायला वेळ मिळणार नव्हता.