सहावा सराव

“सकाळपासून दोनच ओळी? करून काय राहिले तुम्ही?” कुंदाने चहाचा कप टेबलावर ठेवत विचारलं.

“दोनच लिहायच्या आहेत,” विष्णुपंत म्हणाले.

एका खासगी कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी पोरांना लेथ मशीन चालवायला शिकवलं होतं. आता मोबाइलवर बघायचे छोटे धडे तयार करण्याचं काम मिळणार होतं, पण आधी धडा कसा रचायचा ते शिकायचं. फोनवरच वर्ग, रोज दहा मिनिटांचा एक सराव, शेवटी गुण. पहिले पाच सराव त्यांनी शाळकरी पोराच्या धास्तीने वेळेत दिले. आज सहावा होता : ‘तुमचा फसलेला एक धडा आठवा. शिकणाऱ्याचं काय चुकलं ते नको. तुमच्या शिकवण्यात काय राहिलं, ते दोन ओळींत लिहा.’

आठवायला वेळ लागला नाही. पियूष.

चकमध्ये, म्हणजे मशीनच्या फिरत्या पकडीत, लोखंडाचा तुकडा आवळून झाला की आवळायची चावी काढून घ्यायची. तशीच ठेवून मशीन सुरू केली तर चावी गोळीसारखी सुटते. हे ते रोज सांगत, आणि रोज पोरांच्या मागून फिरत कुणाची राहिलेली चावी मुकाट्याने काढून ठेवत. रागावणं त्यांना जमायचंच नाही. ते रजेवर होते त्या दिवशी पियूषची चावी काढायला कुणी नव्हतं. उजवा डोळा गेला. चौकशीत ‘प्रशिक्षणार्थीचा निष्काळजीपणा’ ठरला. खाली सही विष्णुपंतांची.

कागदावर दोन ओळी झाल्या, पण फोनवरून पाठवायला हात उठेना. कागद खिशात घालून ते सदर भागात गेले. तिथे पियूषचं झेरॉक्सचं दुकान होतं. चौदा वर्षं ते त्या रस्त्याने गेले नव्हते.

पियूषने स्टूल पुसून दिलं. मान वळवून, डाव्या डोळ्यासमोर धरून कागद वाचला.

“चावी तुम्ही काढत होते, हे सगळ्यांनाच माहीत होतं, सर. पोरं म्हणायची, छोड़ यार, सर निकाल देंगे.”

“मग चौकशीत बोलला काहून नाही तू?”

“वाटलं, तुम्ही बोलाल.”

विष्णुपंतांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“हे आता कुठे द्यायचं आहे?” पियूषने विचारलं.

“वर्गात. सराव आहे. गुण मिळतात त्याचे.”

“अच्छा.” पियूषने कागदाची नीट घडी घालून परत केली. “म्हणजे माझ्यासाठी नाही लिहिलं.”

“नाही, तसं नाही रे...”

“भैया, आधार के दोनों तरफ,” काउंटरवरून एक बाई म्हणाली.

“लाओ, दीदी.” पियूष मशीनकडे वळला. एकेक प्रत उजेडात धरून बघू लागला. विष्णुपंत त्याच्या उजव्या हाताला बसून होते. तिथून ते त्याला दिसत नव्हते.