सेटीखालचा दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. हसू नका. विहिरीवरचा नव्हे आणि गुरं बांधायचा तर मुळीच नव्हे. मी कडे चढायचा दोर आहे, आणि सध्या मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कमध्ये, सहाव्या मजल्यावरच्या एका गॅलरीत दोन हुकांमध्ये ताणून बसलोय. या क्षणी माझ्या पाठीवर ओली चादर आहे. संताप होणार नाही तर काय होईल?

माझा जन्म कारखान्यात झाला. आत पांढऱ्या धाग्यांचे घट्ट पीळ आणि वरून विणलेलं केशरी आवरण. दुकानात मला स्वप्नालीने पाहिलं, खांद्यावर टाकून तोललं आणि खाली ठेवलंच नाही. ऑफिसात दिवसभर मान खाली घालून बसणारी ही मुलगी सुळक्याच्या पायथ्याशी पोचली, की वेगळीच व्हायची. तिची गाठ माझ्या टोकाला असायची आणि खालून तिचा मित्र भूपेश मला हळूहळू सोडायचा.

एकदा वर जाताना तिचा पाय सटकला. ती सरळ खाली आली. मी ताणलो, अंगातला पीळ न पीळ कळवळला, पण धरलं तिला! खाली उतरल्यावर तिने मला गालाला लावलं आणि म्हणाली, "वाचवलंस रे राजा." तो शब्द मी अजून विसरलेलो नाही.

चढाईहून परतल्यावर ती मांडी घालून बसायची आणि मला या टोकापासून त्या टोकापर्यंत हातातून सरकवायची. डोळे मिटलेले, बोटं जागी. कुठे मऊ पडलोय का, कुठे घासलोय का, सगळं चाचपायची. दोराची दुखणी डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांना कळतात. तिच्या हाताखाली मला फार बरं वाटायचं.

पण पावसाळ्यात कड्यांवर शेवाळ धरतं आणि चढाया बंद होतात. मग काय, आम्ही दोघं घरी! अहो, ते दिवस म्हणजे नुसता छळ. स्वप्नालीच्या पायांना भिंगरी, आणि खोल्या दोन. ती दाराच्या चौकटीला बोटांनी लोंबकळायची. सेटी या भिंतीकडून त्या भिंतीकडे सरकवायची. एकदा चिडून चालत पार लांबच्या केबिन रोडला गेली आणि तिथून कोथिंबिरीची जुडी घेऊन आली. कोथिंबीर बिल्डिंगखाली मिळत होती!

तिची आई, मनोरमाबाई, कपाळाला हात लावायच्या. "अगं, जरा बूड टेकव ना एका जागी! आणि हा एवढा दांडगा दोर नुसता पडून आहे. गॅलरीत बांधते, चादरी तरी वाळतील."

"आई, त्याला हात लावलास तर बघ!"

मला वाटलं, घेतली बाजू माझी. कसचं काय! तिनेच मला पिशवीत कोंबलं आणि सेटीखाली ढकललं. म्हणाली, "दिसला की जीव नुसता तडफडतो. नकोच समोर." माझ्यावर माया होती म्हणून मला अंधारात टाकलं. कुठला न्याय हा? माझाही जीव तडफडत होता, मला कुठे ढकलायचं ते कोणी विचारलं का? तिथे माझा शेजारी कोण, तर इन्व्हर्टरची बॅटरी.

गणपतीच्या आधी, स्वप्नाली ऑफिसात असताना, एक माणूस बॅटरीत पाणी भरायला आला. त्याने जास्त ओतलं. ते उतू आलं आणि पिशवीच्या उघड्या तोंडातून माझ्यावर पडलं. मित्रांनो, मी आतून भाजलो. मनोरमाबाई धावत आल्या आणि त्यांनी जुन्या बनियनच्या फडक्याने मला पुसपुसून कोरडं केलं. वरून मी पुन्हा केशरी, देखणा. आत मात्र माझे पीळ झडत चालले होते. आता ती पडली तर मी तिला धरू शकणार नव्हतो. हे माझ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं, आणि मला तोंड नव्हतं.

कडे सुकले. पहिल्या चढाईच्या सकाळी स्वप्नालीने मला सेटीखालून ओढलं. मी मनात ओरडत होतो, अगं चाचप मला, एकदा बोटं फिरव! पण एवढे दिवस घरात कोंडलेल्या मुलीला धीर कुठला? तिने मला तसंच पाठीवर टाकलं. खाली भूपेश हॉर्नवर हॉर्न वाजवत होता.

ती बुटाची नाडी बांधत होती, तेव्हा मनोरमाबाई कौतुकाने म्हणाल्या, "दोराची काळजी घेतलीय हं मी तुझ्या. बॅटरीचं पाणी सांडलं होतं, लग्गेच पुसून ठेवला."

नाडीवरचा हात थांबला. "कसलं पाणी?"

"बॅटरीचं गं. त्या माणसाने जास्त भरलं ना, उतू आलं."

"कशाने पुसलास? ते फडकं कुठाय?"

मनोरमाबाईंनी मोरीतून फडकं आणलं. त्याची चाळण झाली होती. "उंदरांनी कुरतडलं असेल," त्या म्हणाल्या.

"आई, ते पाणी नसतं गं. ॲसिड असतं."

भूपेश वर आला, तोवर मी जमिनीवर पसरलेला होतो. त्याने पाहिलं आणि म्हणाला, "अरे, एकदम फर्स्ट क्लास दिसतोय यार! आजचा दिवस चालवून घेऊ ना. किती महिने वाट बघतोय आपण!"

स्वप्नालीलाही जायचं होतं. तिच्या तोंडावर दिसत होतं ते. मलाही जायचं होतं हो! पण तिने डोळे मिटले आणि मला हातातून सरकवायला घेतलं. एका जागी तिची बोटं थांबली. "इथे दाब," ती म्हणाली. भूपेशने दाबलं. मी तिथे भिजलेल्या पावासारखा चेपलो. तो मटकन सेटीवर बसला. मनोरमाबाईंनी पदर तोंडाशी नेला आणि म्हणाल्या, "मी बोलले नसते तर?"

स्वप्नालीने सुरी आणली. असा दोर अख्खा ठेवत नाहीत, चुकून कोणी वापरला तर! रडत रडत तिने माझे तुकडे केले. मनोरमाबाईंनी भीत भीत विचारलं, "आता तरी चादरी वाळत घालू का गं?" तेव्हा ती रडता रडता हसली.

तर असा मी, त्यातलाच एक तुकडा, इथे आलो. घरात नवा निळा दोर आहे. तो कपाटात, सुती कापडात झोपतो. पावसाळ्यात स्वप्नालीला घर खायला उठलं, की ती त्याला मांडीवर घेते आणि चाचपत बसते. त्याचा मला मत्सर वाटतो, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, ज्याच्या भरवशावर तुम्ही लटकता, त्याला रिकाम्या दिवसांत डोळ्यांआड ढकलू नका. त्याच दिवसांत त्याच्यावरून हात फिरवा.

स्वप्नाली चढाईला गेली, की मनोरमाबाई गॅलरीत येतात. चादर खांद्यावर, नजर खालच्या रस्त्यावर. मग डोळे मिटून त्या मला या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपतात. माझ्यावर आता चादरीशिवाय काही लटकणार नाही, हे त्यांना ठाऊक आहे. तरी ती परत येईपर्यंत त्या पुन्हा पुन्हा येतात.