मासोळ्यांखालचं वाळवण

माझ्या सासूचं, बायनाबाईचं, एकच म्हणणं, "माणसाच्या नजरेस एक जरी पडला ना मैना, तं सगळं गाठोडं चुलीत घालीन!"

गाठोडं पाळीच्या कापडी पॅडचं होतं. धानोऱ्याच्या बाजारातले पॅड वापरून झाले का आम्ही बाया प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून गावतलावात फेकत होतो. अन् ते फुगून आमच्याच घरच्या मासोळीच्या जाळ्यात येत. माणसं मान वळवून काढत. मलेच लाज वाटे. म्हणून मी जुन्या लुगड्याचे, बटन लावलेले पॅड शिवले. धुवा, वाळवा, परत वापरा! सासरी आल्यापासून पहिल्यांदा काही मनानं केलं होतं, ते चुलीत जाऊ द्यायचं नव्हतं मले.

पण वाळवाचे कडक उनात, अन् दिसाचे कोणालेच नाई! आता ऊन काय घरात आणू?

डोकं चालवलं. खाटेवर पॅड, त्यावर जाळी, जाळीवर सुक्या मासोळ्या. ऊन दोघांलेही! फक्त पॅडले मासोळीचा वास लागन, हे काही सुचलं नाई.

भुऱ्या बोक्याले सुचलं. फुलाफुलाचा पॅड तोंडात धरून तो तलावाकडं सुसाट! मागं मी, माझ्या मागं लुगडं सावरत सासू. तलावाच्या पारीवर, बांधावर, माझे सासरे डोमाभाऊ, म्हणजे मामाजी, अन् चार माणसं जाळं शिवत बसली होती.

"धरा रे! मोठी मासोळी घेऊन पळून राह्यला!" मामाजी ओरडले. फेकलं जाळं, बोका आत!

मामाजीनं त्याच्या तोंडातून पॅड ओढला, उलटापालटा केला. "आँ? मासोळीले बटन?"

मग समजलं. सगळे एकदम तलावाकडं पाहू लागले. मले वाटलं, गेलं गाठोडं!

मामाजी खालीच पाहत बोलले, "मैना, हे तलावात तं नाई ना टाकत?"

"नाई जी."

"मंग चांगलं उनात वाळव ना! बोक्यासमोर कायले ठेवलं?"

अशी हसली माणसं, का जाळ्यातला बोकाही दचकला. सासू मात्र हसली नाई. पॅड हिसकून घरी गेली. मी धावतच मागं.

तिनं पॅड परत धुतला. मासोळ्या उचलून छपरीत नेल्या, भर अंगणात दोरी बांधली अन् सगळं गाठोडं त्यावर टांगलं.

"आत्याबाई, माणसं पाहतीन ना!"

"पाहू दे. मी उमरभर ओलंच फडकं बांधलं वो."

अन् मग ती हसत सुटली. डोळे पुसे अन् परत हसे. मीही रडत रडत हसली. दोरीखाली भुरा बोका वर पाहत बसला होता.