मागच्या दाराचा स्पीकर

गाडीत भूत आहे म्हणणारं गिऱ्हाईक आलं की माझं डोकंच फिरतं. भूतबीत काही नसतं, कुठेतरी वायर सोललेली असते. या बाई मात्र तसं म्हणाल्या नाहीत. गेल्या महिन्यात त्यांचे यजमान दवाखान्याच्या वाटेवर, याच गाडीच्या मागच्या सीटवर वारले. तेव्हापासून मागचा डावा स्पीकर, टेप बंद केला तरी, धापा टाकल्यासारखा आवाज करायचा. मुलाने गाडी विकायला काढली होती आणि घेणारा संध्याकाळी यायचा होता.

"दादा, बिघाड असेल तर विकू दे त्याला खुशाल," बाई म्हणाल्या. "पण हे असतील आत, तर परक्याच्या हाती नाही देणार मी यांना."

कपाळ माझं! मी सीट उचलली. खालच्या पट्टीत वायर चेंगरून पत्र्याला टेकली होती. ती बदलली, सीट परत बसवली, आवाज बंद. सोललेला तुकडा बाईंना दाखवला, तर त्यांचं तोंड एवढंसं झालं. मलाही उगाच वाईट वाटलं.

काम झालं की स्पीकर माझ्या चाचणीच्या डब्याला जोडून बघायचा, ही माझी जुनी खोड. डब्याला दोन तोंडं, एक माइकचं, एक स्पीकरचं. बाईंची समजूत घालण्याच्या नादात मी वायर माइकच्या तोंडात खुपसली. असं उलटं जोडलं की स्पीकरच ऐकायला लागतो आणि त्याने ऐकलेलं डब्यातल्या छोट्या स्पीकरमधून बाहेर येतं.

गाडीची दारं लावलेली, आत चिटपाखरू नाही. डब्यातून आधी धाप आली, मग खोकला. मी वायर उपटणार, तोच बाईंनी माझा हात धरला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "त्यांचाच आहे."

त्यांनी जाऊन मागचं दार उघडलं, आत बसल्या आणि दार ओढून घेतलं. मला काचेतून सगळं दिसत होतं. एवढी सीट मोकळी, तरी त्या दाराला चिकटून कशाबशा टेकल्या होत्या.

"सरका की जरा," डब्यातून बाईंचा आवाज आला.

त्या जागच्या हलल्या नाहीत, तरी सीट करकरली. मग त्या आत सरकून नीट बसल्या.

मी मुलाला फोन लावला. म्हटलं, संध्याकाळच्या माणसाला नको म्हणून सांग, गाडी रिकामी नाहीये.